मदत हवी आहे: लेकीच्या कॉलेजात 'फक्त मुलींसाठी' कंपनीचं ट्रेनिंग आलंय, अनामत २५ हजार. भरू का?

डबल_घंटी

नमस्कार मंडळी. मी एसटीत वाहक, सातारा आगार. इथं आजवर नुसता वाचत आलोय, लिहायची ही पहिलीच वेळ. चूकभूल द्यावी घ्यावी.

लेक साताऱ्यातच बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात कॉलेजच्या प्लेसमेंट सेलनं एक पत्रक वाटलं. वर एका नावाजलेल्या आयटी कंपनीचा लोगो, खाली पुण्याच्या एका ट्रेनिंग संस्थेचा, मध्ये कॉलेजचा. 'ग्रामीण भागातील मुलींना तंत्रज्ञान क्षेत्रात संधी, नामांकित उद्योगाच्या सहकार्याने' असं ठळक छापलेलं. दोन महिने ऑनलाइन शिकवणार, दोन महिने पुण्यात, मग सहा महिने इंटर्नशिप महिना १२ हजारावर, आणि पुढं 'पात्रतेनुसार' नोकरी. ट्रेनिंग मोफत.

मोफत वाचून मी खूष झालो. मग फॉर्म उलटा केला. मागं बारीक अक्षरात २५ हजार अनामत, कोर्स पुरा केल्यावर परत. दोन वर्षांचा करार, मधेच सोडलं तर दीड लाख भरायचे. आणि दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं संस्थेकडं जमा.

सरांना विचारलं तर म्हणाले, "काका, एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, झालाय, शंका काढू नका. जागा चाळीसच आहेत, शुक्रवारच्या आत भरा." आमच्या गाडीत एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. शुक्रवार ऐकल्यावर माझ्या डोक्यात एकच वाजली.

घरात ज्याचं त्याचं वेगळं. आई म्हणते दोन वर्षं अडकली तर लग्नाचं कसं. मंडळी म्हणतात पुण्यात एकटी राहणार कुठं. भाऊ म्हणतो तेवढ्या पैशात एमएस्सी होईल. पोरगी काहीच बोलत नाही. फॉर्म भरून ठेवलाय, माझी सही तेवढी राहिलीय. पतपेढीतून उचल काढली तर पैशाची सोय होईल, तो प्रश्न नाही.

मला कळत नाही ते असं की 'कंपनीच्या सहकार्याने' म्हणजे नक्की काय असतं? कंपनी खरंच यात आहे का, हे माझ्यासारख्यानं कसं तपासायचं? करार कोर्टात टिकतो का? आणि रात्रपाळी आली तर काय?

घाटमाथा

लोगो चिकटवायला एक मिनिट लागतो. भरू नका. विषय संपला.

हळदीचा_हिशोब

दादा, एकदम 'भरू नका' असं मी म्हणणार नाही, कारण मी स्वतः अशाच एका कार्यक्रमातून आलेय. मी मिरज तालुक्यातली. बीएस्सी करून घरी बसले होते. सांगलीत मुलींची एक बॅच निघाली. खर्च एका कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या पैशाचा, शिकवायला एक सेवाभावी संस्था. माझ्याकडून एक रुपया घेतला नाही, उलट एसटीच्या पासाचे पैसे मिळायचे. करार नव्हता आणि नोकरीची हमीही नव्हती. हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं, म्हणून निम्म्या मुलींच्या घरच्यांची तोंडं पडली होती.

जावा, एसक्यूएल शिकवलं ते बरंच होतं, पण ते आता यूट्यूबवर कुणालाही मिळतं. खरी कमाई शनिवारी व्हायची. कंपनीतली माणसं व्हिडिओ कॉलवर लुटुपुटीच्या मुलाखती घ्यायची. पहिल्या शनिवारी मला म्हणाले स्वतःबद्दल सांग. मी नाव, गाव, वडील काय करतात, भावंडं किती, आवडता छंद असं स्थळ सांगायला आल्यासारखं सगळं सांगितलं आणि प्रोजेक्ट सांगायचाच राहिला. समोरच्या बाई म्हणाल्या, "तू हळदीच्या पोत्यांचा हिशोब ठेवणारं ॲप केलंयस ना? ते सांग. आधी मराठीत सांग." मराठीत सुटले ते दहा मिनिटं थांबले नाही. आडत, तोलाई, पट्टी, सगळं. मग त्यांनी तेच एकेका वाक्यानं इंग्रजीत वदवून घेतलं. माझं इंग्रजी आजही काही फार भारी नाही, पण काय सांगायचंय ते माहीत असलं की गाडी अडत नाही.

सगळ्याजणींना नोकरी लागली नाही, हेही सांगते. काहींची लग्नं झाली, काही बँकेच्या परीक्षांकडं गेल्या. मला टेस्टिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर तपासायच्या कामात, लागली, आणि तीही पैसे देणाऱ्या कंपनीत नाही, भलत्याच. त्यामुळं तुमच्या पत्रकात मला अनामत आणि प्रमाणपत्रं हे दोनच खडे लागतायत, पण ते मोठे आहेत.

मनुष्यबळवाली

एचआरमध्ये बरीच वर्षं काढलीत, कॉलेजांबरोबरचे करार दोन्ही बाजूंनी पाहिलेत. दादा, एकच बघा, पैसा कुणाच्या खिशातून निघून कुणाच्या खिशात जातोय.

सीएसआर असेल तर कंपनी संस्थेला पैसे देते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणं ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. मुलींचं कौशल्य प्रशिक्षण त्यात बसतं. मात्र हा पैसा स्वतःच्या नेहमीच्या धंद्यासाठी वापरायला नियमांत मनाई आहे. म्हणून सीएसआरचं नाव घेऊन त्याच कंपनीत बांधून घेणारा करार दिसला की मला लगेच वास येतो.

दुसरा प्रकार म्हणजे कंपनी स्वतःसाठीच माणूस घडवते. तिथं आधी निवड होते, कंपनीच्या नावानं पत्र येतं, ट्रेनिंगमध्ये पगार किंवा विद्यावेतन मिळतं. करार असतो, पण तो थेट कंपनीशी. विप्रोचा विल्प कार्यक्रम असाच आहे. बीसीए-बीएस्सीवाल्यांना घेतात, काम करता करता कंपनीच्या खर्चानं एमटेक करायला मिळतं. टीसीएसही बीसीए-बीएस्सीवाल्यांची वेगळी भरती करते. सोडून जाण्याच्या अटी त्यांच्याकडंही असतात, त्या वाचायच्या.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त चालतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. कंपनी फक्त अभ्यासक्रम किंवा ऑनलाइन साहित्य देते, लोगो वापरायची परवानगी देते, आणि बाजूला होते. भरतीशी तिचा काडीचा संबंध नाही. ही फसवणूक असतेच असं नाही, साहित्य चांगलंही असतं. पण पत्रकावर तिन्ही प्रकारांना 'सहकार्याने' हाच शब्द.

तपासायचं कसं? सरांकडून एमओयूची प्रत मागा आणि सह्या कुणाकुणाच्या आहेत ते बघा. संस्था सीएसआर म्हणत असेल तर तिचा नोंदणी क्रमांक विचारा. १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांसाठी असं काम करणाऱ्या संस्थांना कंपनी मंत्रालयाकडं सीएसआर-१ फॉर्म भरून तो घ्यावाच लागतो. आणि संचालक मंडळानं मंजूर केलेले सीएसआर प्रकल्प कंपनीला स्वतःच्या वेबसाइटवर टाकावे लागतात. लेकीला ते शोधायला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे.

रात्रपाळीचं: महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात (२०१७) रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिची संमती असेल तरच कामावर ठेवता येतं, आणि सुरक्षेबरोबर घराच्या दारापर्यंत पोचवायची जबाबदारी मालकाची. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी मुलीही येतात. रुजू व्हायच्या आधी तक्रार समितीत कोण आहे ते विचारायला लाजू नका.

मूळ प्रमाणपत्रं दाखवायची आणि तिथल्या तिथं परत घ्यायची. कुणाकडंही ठेवायची नाहीत. गोड बोलून मागितली तरी नाही.

घाटमाथा

म्हणजे मी एका ओळीत म्हणालो तेच.

तारीख_पे_तारीख

कराराबद्दल. 'असले बॉन्ड कोर्टात टिकत नाहीत' हे कट्ट्यावरचं ज्ञान आहे, त्यावर विसंबू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख भरायची अट वैध ठरवली. पण तिथं सरकारी बँकेतली अधिकाऱ्याची नोकरी होती आणि पुन्हा भरती करायचा खर्च हा मुद्दा होता. तुमच्याकडं तर अजून नोकरीचाच पत्ता नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणं मिळते ती वाजवी भरपाई. कागदावरची रक्कम ही तिची कमाल मर्यादा, आपोआप मिळणारा हक्क नव्हे. तरीही २१ वर्षांच्या मुलीनं पुण्याच्या वकिलाची नोटीस घेऊन साताऱ्यात बसायचं का, हा खरा प्रश्न. सही करण्याआधी प्रत घरी आणा. प्रत द्यायला नाही म्हणाले तर तेच उत्तर समजा.

निवृत्त_गुरुजी

कर्मवीर अण्णांच्या साताऱ्यात शिकणाऱ्या पोरीकडून अनामत मागतात, हे वाचून वाईट वाटले. 'कमवा व शिका' योजनेत अण्णांनी मुलांकडून श्रम घेतले, पैसा नाही. आमच्या वेळी वसतिगृहात पहाटे साडेचारला

घाटमाथा

गुरुजी, धागा भरकटतोय.

निवृत्त_गुरुजी

बरे. मुद्द्याचे सांगतो. पंतप्रधान इंटर्नशिप योजना पाहावी. ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, सुरुवातीला २१ ते २४ वयाच्या मुलांना मोठ्या कंपन्यांत बारा महिने, महिना ५,००० रुपये असे जाहीर झाले होते. तेव्हा पूर्णवेळ शिकत असताना चालत नव्हते, म्हणजे निकालानंतर. नातवाने भरला होता. पुण्याला राहायचे तर ५,००० तुटपुंजे, हे मान्य.

डबल_घंटी

सगळ्यांचे आभार. काल रजा टाकून कॉलेजात गेलो.

एमओयू मागितला तर सर जरा चमकले, पण दिला. दोन पानी आहे. सह्या कॉलेजच्या आणि ट्रेनिंग संस्थेच्या. त्या मोठ्या कंपनीचं नाव एकदाच येतं, 'मान्यताप्राप्त अभ्यासक्रमानुसार' एवढंच. म्हणजे मनुष्यबळवाली ताईंचा तिसरा प्रकार. सरांनी स्वतः तो पुरता वाचला नव्हता. माणूस वाईट नाही. म्हणाले, "काका, कॉलेज तपासायला नॅकवाले आले की एमओयू किती ते दाखवावं लागतं." आमच्याकडं भारमान, म्हणजे गाडी किती भरली ते, दाखवावं लागतं तसंच असणार हे.

मग संस्थेला फोन लावला. सीएसआर क्रमांक विचारला तर बाई म्हणाल्या 'प्रोसेसमध्ये आहे'. अनामत जमणार नाही म्हटल्यावर १५ वर आल्या, मग 'तुमच्यासाठी १०'. मंडईत मेथीची जुडी घेताना होतं तसं. प्रमाणपत्रांवर मात्र अडून बसल्या. सही केली नाही.

आता वाईट याचं वाटतंय की पोरगी कालपासून गप्प आहे. मी नीट केलं ना?

हळदीचा_हिशोब

नीट केलंत दादा. पण 'नाही' म्हणून थांबलात तर तिच्यासाठी ते दार बंदच झालं ना. तिच्याशी बोला. पुण्यात राहायचंही एवढं अवघड नाही. मी पहिलं वर्ष तिघींत खोली करून काढलं. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर दर शनिवारी घरी येणंही परवडतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

डबल_घंटी

मी त्यांची मुलगी. पप्पा स्वारगेटच्या फेरीवर आहेत, फोन चार्जिंगला लावून घरीच विसरलेत, म्हणून त्यांच्याच आयडीवरून लिहितेय.

सगळे प्रतिसाद वाचले. मी रागावले नाहीये. फॉर्म भरला तेव्हाच मला ती अनामत खटकली होती, पण घरी 'यात काहीतरी गडबड आहे' म्हटलं असतं तर सगळाच विषय बंद झाला असता, म्हणून पप्पांना वाचू दिलं. मनुष्यबळवाली ताईंनी सांगितलं तसं कंपनीच्या वेबसाइटवर प्रकल्पांची यादी काढली. या संस्थेचं नाव त्यात नाही. मग तिथल्याच पत्त्यावर सरळ ईमेल केला की साताऱ्यात तुमच्या नावानं असं पत्रक फिरतंय, हे तुमचं आहे का. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की त्यांची यात कसलीही भरती नाही आणि पत्रकाचा फोटो पाठवा. पाठवला. सरांनाही दाखवलं, त्यांनी नोटीस बोर्डावरचं काढलंय.

मला टेस्टिंग नको, बॅकएंड, म्हणजे ॲपच्या पडद्यामागचं कोडिंग, करायचंय. आमच्या प्रोजेक्टमध्ये तोच भाग मी केला होता. विल्पचं वाचलं, आवडलं, पण एक अडचण आहे. चौथ्या सेमिस्टरला माझा एक विषय राहिला होता, पाचव्याला सुटला. अशी एटीकेटी झालेली असली तर फॉर्म बाद होतो का? की लिहायचंच नाही?

पप्पा, तुम्ही हे वाचलंत तर घरी बोलू.

मनुष्यबळवाली

सुटलेला विषय सहसा आड येत नाही. अडवतात ते सध्या राहिलेल्या विषयांना आणि टक्केवारीच्या अटीला. त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत अट नीट वाच, दर वर्षी थोडी बदलते. पण लपवू नकोस. नोकरी लागल्यावर गुणपत्रिका तपासतात, आणि तिथं सापडलं तर विषय राहण्यापेक्षा वाईट. आणि त्या ईमेलचा मजकूर जपून ठेव. मुलाखतीत 'एखादी अडचण कशी सोडवली' असं विचारतातच.

हळदीचा_हिशोब

शनिवारी संध्याकाळी मी मोकळी असते. लुटुपुटीची मुलाखत घेऊ का? आधी मराठीत.

डबल_घंटी

वाचलं. चौथ्या सेमिस्टरचं मला कुणी बोललं नव्हतं. आठला ड्युटी सुटते.

ताई, शनिवारी चालेल म्हणते.