मदत हवी आहे: ब्रॉयलर कोंबडीला गावरान कोंबड्यापासून पिल्लं झाली, पुढच्या पिढीत वजन टिकेल की पायाचं दुखणं?

पठारावरची

नमस्कार. संगमनेर तालुक्याच्या पठार भागात आमचं पाच हजार पक्ष्यांचं करारावरचं ब्रॉयलर शेड आहे. नऊ वर्षं झाली. पिल्लू आणि खाद्य कंपनीचं, शेड, वीज, पाणी आणि राबणं आमचं. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास गाडी येते आणि शेड रिकामं होतं. त्यामुळे पंचेचाळीस दिवसांपुढचा ब्रॉयलर दिसतो कसा, हे आम्ही इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. गेल्या वर्षी पाहिलं.

पावसाळ्यातल्या एका लॉटची उचल झाली तेव्हा सात पक्षी मागे राहिले. अंगाने बारीक, दोन लंगडे. सुपरवायझरने ते मरीत धरले आणि "ठेवून घ्या" म्हणाला. आईने कापू दिले नाहीत. पोत्यात उरलेलं फिनिशर (शेवटच्या दिवसांत द्यायचं खाद्य) होतं, तेच भांडं भरून त्यांच्यापुढे ठेवलं.

पहिले दोघे तीन आठवड्यांच्या आत गेले. त्यातला एक माझ्या डोळ्यांदेखत. दाणे टिपत होता, एकदम पंख फडफडवले, उताणा पडला, पाय ताणले आणि संपला. अर्धं मिनिटही गेलं नसेल. तिसऱ्याचा तुरा निळसर पडला आणि पोट फुग्यासारखं झालं. मेल्यावर बाबांनी फाडून पाहिलं तर पेलाभर पिवळं पाणी निघालं, त्यात जेलीसारखे गोळे, आणि हृदय फुगून सैल पडलेलं. आणखी दोघांचे पाय गेले. नडगीवर बसून खायचे, पाण्यापर्यंतही जाता येईना. आई त्यांना वाटीने पाणी पाजायची. शेवटी बाबांनीच त्यांना मोकळं केलं.

उरल्या दोन माद्या, सगळ्यांत लहान. फिनिशर संपलं होतं, म्हणून त्यांना आमच्या गावरान कोंबड्यांबरोबर उकिरड्यावर सोडलं. दिवसभर फिरायचं आणि संध्याकाळी मूठभर ज्वारीच्या कण्या. एक मुंगसाने नेली. दुसरी, जिला आई पांढरी म्हणते, अजून चांगली फिरते. माघात तिने अंडी घालायला सुरुवात केली. तिची सोळा अंडी आमच्या खुडूक गावरान कोंबडीखाली ठेवली. अकरा फुटली, नऊ जगली. बाप आमचाच तांबडा-काळा गावरान कोंबडा, दुसरा नर घरात नाही.

आज ती दहा आठवड्यांची आहेत. काट्यावर सगळ्यांत भारी १ किलो ४५० ग्रॅम, सगळ्यांत हलकं ९८० ग्रॅम. त्याच वयाचं गावरान पिल्लू ६२० ग्रॅम भरलं. खाणं सगळ्यांना एकच. नऊच्या नऊ पांढरी आहेत, अंगावर कुठे कुठे काळं पीस. चारांचे पाय आईसारखे पिवळे, पाचांचे फिके. पण सगळ्यांत भारी जो नर आहे, त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून बाहेर वळतोय. पळतो, पण फेकत पळतो.

मला विचारायचंय ते असं. हा भारी नर ठेवून त्याच्या बहिणींवर सोडला तर पुढची पिल्लं अशीच वजनाची होतील का? पायाचा हा दोष रक्तातला आहे की अपघात? सगळी पांढरी झाली, म्हणजे ब्रॉयलरचं रक्त जास्त उतरलं का? आणि शेजारच्या काकू पांढरीची अंडी घेत नाहीत, "इंजेक्शनचा पक्षी आहे" म्हणतात. मी नऊ वर्षांत शेडमध्ये वाढीचं इंजेक्शन पाहिलेलं नाही. मग हा पक्षी असा का, हे मला नीट समजून घ्यायचंय आणि काकूंनाही सांगता यायला हवं. जाणकारांनी कृपया वेळ काढून सांगा.

रानवाट

ताई, पायाचं मला सांगता येणार नाही, पण एक गोष्ट आधी सांगतो. करारावरच्या शेडजवळ मोकळ्या कोंबड्या पाळणं फार जोखमीचं आहे. मानमोडी (राणीखेत रोग) आली तर घरच्या पाच कोंबड्यांवर थांबत नाही, शेडमधले पाच हजार बसतात. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कितीतरी कुटुंबांचं सगळं गेलं. खुराडं शेडपासून लांब न्या, चपला आणि बादल्या वेगळ्या ठेवा, आणि या पिल्लांना लासोटा (मानमोडीची पहिली लस) दिला नसेल तर आजच पशुवैद्यकांना विचारा.

पठारावरची

लासोटा सातव्या दिवशी डोळ्यात टाकला होता. आठव्या आठवड्याची आर-टू-बी, म्हणजे त्याच रोगाची पुढची लस, राहिलीय, उद्या दवाखान्यात जाते. खुराडं घराच्या मागच्या अंगाला आहे, शेड ओढ्यापलीकडे. चपलांचं मात्र खरंय, आजपासून पाळते.

अंडं_आधी

मी कुक्कुट पैदाशीच्या कामात बरीच वर्षं होतो. तुमच्या नोंदी इतक्या नेटक्या आहेत की उत्तर देताना आनंद होतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

काकूंपासून सुरू करू. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जुन्या कोंबड्यांचे वंश जसेच्या तसे जपून ठेवलेले आहेत. तिथे १९५७ चा वंश, १९७८ चा वंश आणि २००५ चा ब्रॉयलर एकत्र वाढवले. खाद्य तिघांना एकच, इंजेक्शन कुणालाच नाही. ५६ व्या दिवशी १९५७ चा पक्षी ९०५ ग्रॅम भरला, १९७८ चा १८०८ ग्रॅम आणि २००५ चा ४२०२ ग्रॅम. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. फरक फक्त आईबापांचा. दर पिढीत सगळ्यांत लवकर वाढणारे पक्षी निवडायचे, त्यांचीच अंडी उबवायची, आणि हे पन्नास-साठ वर्षं न थांबता करायचं. काकूंना सांगा, शेतकरी भारी कणसाचं बियाणं बाजूला काढून ठेवतो, तेच हे काम आहे.

या पक्ष्याच्या रक्तात आपलाही वाटा आहे. ब्रॉयलरच्या नराकडच्या बाजूला कॉर्निश ही जात आहे. ती इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये तयार झाली, आणि ती घडवताना भारतातून नेलेल्या असील कोंबड्यांचं रक्त वापरलं होतं. छातीचा तो रुंदपणा तिथून आला. मादीकडच्या बाजूला अमेरिकेची पांढरी प्लायमाउथ रॉक. पांढरीचे पिवळे पाय तर आणखी जवळचे आहेत. कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण पिवळ्या कातडीचा जनुक राखी रानकोंबड्याकडून आलाय, हे २००८ साली सिद्ध झालं. तो राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीत आजही पहाटे आरवतो. पिवळा पाय दिसायला हा जनुक आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. तुमच्या चार पिल्लांचे पाय पिवळे झाले, म्हणजे तुमचा गावरान कोंबडाही तो लपवून बाळगून आहे.

पांढऱ्या रंगावर जाऊ नका. ब्रॉयलरमध्ये पांढरा रंग मुद्दाम ठेवलाय, कारण सोलल्यावर कातडीत राहिलेली पिसांची खुंटं दिसत नाहीत. हा पांढरा जनुक जोरकस असतो, एकट्या आईकडून आला तरी रंग झाकून टाकतो, फक्त कुठे कुठे काळं पीस सुटतं. तुमच्या नऊही पिल्लांत नेमकं तेच झालंय. प्रत्येक पिल्लात रक्त निम्मं आईचं आणि निम्मं बापाचं, ते कमीजास्त होत नाही. रंग आणि वाढ या वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या पिढीत तांबडी-काळी पिल्लं निघाली तर ती "गावरानवर गेली" म्हणून कमी समजू नका. काट्यावरच ठरवा.

आता मेलेल्यांबद्दल. वाढ एका जनुकाने ठरत नाही, शेकडो ठिकाणांहून थोडी थोडी येते. अमेरिकेतल्या व्हर्जिनियामध्ये पॉल सीगल यांनी १९५७ साली एकाच पांढऱ्या रॉकच्या कळपातून दोन वंश सुरू केले. एकात दर पिढीला आठ आठवड्यांना सगळ्यांत जड भरणारे ठेवायचे, दुसऱ्यात सगळ्यांत हलके. पन्नास पिढ्यांनी दोघांच्या वजनात दहापटीहून जास्त फरक पडला. जास्त शिकवणारी गोष्ट पुढे आहे. जड वंशाचे पक्षी खायचे थांबेनात, चरबीने भरले. हलक्या वंशातली काही पिल्लं पुढ्यात दाणे असून न खाता मेली. निवड वजनाची केली होती, पण बदलली भूक. जनुकं अशी एकात एक गुंतलेली असतात, एक ओढलं की दुसरं बरोबर येतं.

तुमच्या पक्ष्यांचं तेच झालं. छातीचं मांस झपाट्याने वाढतं, त्याला प्राणवायू भरपूर लागतो, पण हृदय आणि फुप्फुसं त्या मानाने वाढलेली नसतात. फुप्फुसात रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, ते फुगतं, रक्त मागे तुंबतं आणि यकृतातून पाणी पोटात झिरपतं. बाबांनी फाडून पाहिलं ते हेच. तो उताणा पडून मेलेला पक्षीही बहुतेक हृदयानेच गेला. लवकर वाढणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी दिसणाऱ्या नरांत हे जास्त होतं. पायांत हाडाच्या टोकाशी असलेली कूर्चा (मऊ हाड) पक्क्या हाडात बदलायच्या आधीच वर वजन येऊन पडतं.

आणि पांढरी का जगली? तिला कमी मिळालं म्हणून. ब्रॉयलरच्या आईबापांना कंपन्याही पोटभर खाऊ घालत नाहीत. मादी २० आठवड्यांना दोन-सव्वादोन किलोची राहावी म्हणून खाद्य मोजून देतात. तुमच्या शेडमधलं पिल्लू तेवढं वजन पाच-सहा आठवड्यांत गाठतं. पोटभर खाल्लं तर मादीच्या पोटात दोन-दोन पिवळे बलक एकदम सुटतात, अंडी बिघडतात, नर चढू शकत नाहीत. म्हणजे आईबाप आयुष्यभर भुकेले राहतात तेव्हा आपल्याकडे पिल्लू येतं. मला या धंद्यात सगळ्यांत जास्त खुपलेली गोष्ट हीच.

पठारावरची

डॉक्टर (तुम्हाला डॉक्टरच म्हणते), दोनदा वाचलं. आईला वाचून दाखवलं. पाय गेलेल्या दोघांना आपणच भांडं भरून देत होतो, हे ऐकून ती गप्प बसलीय. तिला काय सांगू?

अंडं_आधी

आईंना सांगा, त्यांनी भुकेल्या जीवाला खायला घातलं. त्या पक्ष्याची भूकच आपण माणसांनी अशी करून ठेवलीय की तिला पुरे कळत नाही. यात त्यांची चूक नाही.

आता नराबद्दल. पाय वळण्यात जमिनीचा, खाद्यातल्या खनिजांचा भाग असतो, पण रक्ताचाही असतोच. तो सगळ्यांत भारी आहे आणि त्याचाच पाय वळतोय, हे दोन्ही एकत्र आलंय याकडे लक्ष द्या. त्याला पैदाशीला ठेवू नका. शिवाय बहिणींवर सख्खा भाऊ सोडला तर पिल्लात एकाच पूर्वजाची जनुकं दोन्ही बाजूंनी येऊन जुळण्याचं प्रमाण २५ टक्के होतं. अंडी कमी फुटतात, पिल्लं मरतात, लपलेले दोष वर येतात.

पुढच्या पिढीत वजन टिकेल का, तर नाही टिकणार. ब्रॉयलर हा साधारण चार वंशांचा संकर असतो. त्याला गावरान मिळाला की पहिल्या पिढीत बऱ्यापैकी एकसारखी आणि चिवट पिल्लं येतात, तुमच्याकडे आली तशी. त्यांची आपापसात पैदास केली की पत्ते पुन्हा पिसले जातात. एखादं दीड किलोचं, एखादं सहाशे ग्रॅमचं, आणि पायाचा दोष कुठेही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा किंवा बेंगळुरूची गिरिराजा ही परसातली सुधारित कोंबडी याच विचाराने तयार केलीय, आणि त्यांचीही पिल्लं दरवेळी नवी घ्यावी लागतात.

मी तुमच्या जागी असतो तर माद्यांतल्या सरळ चालणाऱ्या, मधल्या वजनाच्या तीन-चार तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या माद्या) ठेवल्या असत्या आणि गावातल्या दुसऱ्या घरचा, नात्यात नसलेला गावरान कोंबडा आणला असता. पिल्लं थोडी हलकी होतील, पण उन्हाळा काढतील. ब्रॉयलरचं अंग आतून फार उष्णता तयार करतं, चैत्र-वैशाखात पठारावर ते सोसत नाही. आणि तुमचा मूळ गावरान कळप मात्र वेगळा ठेवा, त्यात हे रक्त मिसळू देऊ नका. २००८ साली जगभरातले व्यापारी वंश तपासले तेव्हा जुन्या जातींतली निम्मी किंवा त्याहून जास्त विविधता त्यांत सापडली नाही. ती विविधता तुमच्या उकिरड्यावर फिरतेय.

रानवाट

ताई, कोंबडा हवा असेल तर अकोले तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर चांगले उंच पायांचे नर मिळतात. आणल्यावर तीन आठवडे वेगळा ठेवा, लगेच कळपात सोडू नका.

पठारावरची

दोघांचे मनापासून आभार. वाकड्या पायाचा नर पैदाशीला ठेवणार नाही, पण आई त्याला विकूही देत नाहीये, तो वेगळ्या डालग्यात राहील. काल सगळ्या माद्यांना अंगणात चालवून पाहिलं. पाच माद्यांपैकी चार सरळ चालतात, एक उजवीकडे झुकते. चारांची वजनं ९८०, १०६०, ११२० आणि १२१० ग्रॅम. आज काकूंना अल्बर्टाचं सांगितलं. त्यांनी विचारलं की ५६ दिवसांत चार किलो झालेला तो पक्षी पुढे जगला का. मला उत्तर आलं नाही, मी त्यांना आमच्या सातांचं सांगितलं. त्या पांढरीची तीन अंडी घेऊन गेल्या.

एक शेवटचं विचारते. या चार तलंगांना खाणं किती देऊ? आता त्या कण्यांवर आणि उकिरड्यावर आहेत. पांढरीसारखं मोजून देऊ, की गावरानसारखं सोडून देऊ?

अंडं_आधी

मोकळं फिरणं तसंच ठेवा. संध्याकाळी प्रत्येकीला ४० ते ५० ग्रॅम मका भरडा आणि कण्या, त्यात थोडी सोयाबीन पेंड. अंडी सुरू झाली की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. दर रविवारी वजन घ्या. आठवड्याला शंभर ग्रॅमच्या वर वाढायला लागली की दाणे कमी करा. आणि चालताना बघत राहा, काट्याच्या आधी पाय सांगतात.