बायकापण घोरतात हो! घरगुती काही उपाय आहे का?

डोंबिवलीची_मास्तरीण

नमस्कार मंडळी, विषय लाजिरवाणा आहे म्हणून दोन दिवस टाईप करून पुसत होते. मी घोरते. नवरा नाही, मी. वय ४६, शाळेत शिकवते, उंची पाच फूट दोन, वजन दोन वर्षांत ६५ वरनं ७४ वर गेलंय. नवऱ्याने इतके दिवस चकार शब्द काढला नाही, उशी उचलून हॉलमध्ये दिवाणावर जायचा आणि मला वाटायचं ह्याला मॅच बघायची असते. मागच्या आठवड्यात लेकीने मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवलं तेव्हा घामच फुटला. पावसात भिजलेली स्कूटर किक मारून मारून स्टार्ट करावी तसा आवाज, मध्येच एकदम बंद, मग पुन्हा घर्रर्र.

आता खरी अडचण. मे महिन्यात शाळेतल्या आम्ही सहा जणी केरळला चाललोय, तिघी तिघी एका खोलीत. त्यातली एक अशी आहे की तिला कळलं म्हणजे जूनमध्ये शाळा उघडल्यावर शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांना कळणार.

दारू वगैरे प्रश्नच नाही. नाक मात्र रात्री चोंदतं, धुळीची अ‍ॅलर्जी आहे. थायरॉईडची गोळी चालू आहे. रात्रीचं जेवण साडेदहाला होतं, पेपर तपासत बसते त्यामुळे. सासूबाई म्हणतात नाकात तूप सोड, मैत्रीण म्हणते हळदीचं दूध पी, नेटवर तर तोंडाला पट्टी लावून झोपा म्हणतायत. ऑपरेशन, रात्री नाकावर लावायचं हवेचं मशीन असलं काही नकोय, साधे नैसर्गिक उपाय कोणी स्वतः केले असतील तर सांगा. ऐकीव नको प्लीज.

कट्ट्यावरचा_गण्या

ताई, सोपा उपाय म्हणजे बाकीच्या दोघींच्या आधी झोपायचं. जो पहिला झोपतो तो जिंकतो. 😄

सातारी_तडका

गण्या गप रे जरा. ताई, मी स्वतः केलेलं सांगतो. मी पण असाच घोरायचो, बायको लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माहेरी जाऊन आली तेव्हा सासरेबुवांनी 'पोरीचे डोळे का सुजलेत' म्हणून मला फोन केला होता, यावरनं समजून घ्या. माझ्या बाबतीत एक गोष्ट लक्षात आली की मी उताणा झोपलो तरच घोरतो, कुशीवर असलो की नाही. उताणं झोपलं की जीभ आणि तो मऊ टाळू, पडजीभ हे सगळं वजनाने मागे घशात पडतं, हवेची वाट बारीक होते आणि मग त्यातनं हवा जाताना ते सगळं फडफडतं, तोच आवाज. आपल्या लोकांनी जेवल्यावर वामकुक्षी म्हटलंय, म्हणजे डाव्या कुशीवर, उताणाकुक्षी असा शब्दच नाही बघा.

पण झोपेत कूस बदलतेच, तिथे खरी मेख आहे. मी जुन्या टीशर्टला पाठीवर बरोबर मध्ये खिसा शिवून घेतला आणि त्यात टेनिस बॉल टाकला, उताणं झालं की टोचतो आणि आपोआप वळतो माणूस. पहिला आठवडा शिव्या घातल्या, झोप मोडायची, पाठ दुखली, पण तीन आठवड्यांनी सवय झाली. बॉल नको असेल तर पोराची शाळेची सॅक घ्या, त्यात दोन टॉवेल कोंबा आणि पाठीला लावून झोपा. दिसायला एव्हरेस्टला निघाल्यासारखं दिसतं पण काम चोख करते. नुसता लोड मागे लावून मला फरक नाही पडला, झोपेत लाथ मारून खाली टाकायचो.

आणि एक, उशीवर उशी ठेवू नका. मी तेच करायचो, त्याने हनुवटी छातीला टेकते आणि घसा अजून चिमटतो. उंच करायचंच असेल तर कंबरेपासून वरचं सगळं अंग तिरकं पाहिजे. आमच्या आजोबांच्या पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा होत्या, दम्यासाठी घातलेल्या, तसं.

घरचं_तूप

नाकात रोज रात्री दोन दोन थेंब कोमट साजूक तूप. आमच्याकडे तीन पिढ्या करतात. १००% फरक. इंग्रजी औषधांच्या नादी लागू नका.

रातपाळी

मी डॉक्टर नाही, स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, लोकांना वायरी लावून रात्रभर झोपलेलं बघणं हाच माझा धंदा, त्यामुळे घोरण्याचे सगळे राग ऐकून झालेत.

सातारीदादांनी कुशीचं सांगितलं ते एकदम बरोबर. पण ताई, तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मला टोचलं, 'मध्येच एकदम बंद'. ते बंद किती वेळ असतं? लेकीला सांगा पुन्हा रेकॉर्ड कर आणि घड्याळ लावून मोज. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबत असेल आणि मग फुरफुरत, दचकल्यासारखा चालू होत असेल तर तो नुसता आवाज नाही, त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. असं तासाला पाचपेक्षा कमी वेळा झालं तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गेलं तर गंभीर. आमच्याकडे तासाला साठ वेळा श्वास अडणारे लोक येतात आणि वर सांगतात की मला झोप मस्त लागते, फक्त बायको कटकट करते.

डॉक्टर लोक आठ प्रश्न विचारतात ते घरीच विचारून बघा. जोरात घोरता का, दिवसा दमल्यासारखं होतं का, श्वास थांबताना कोणी पाहिलंय का, बीपी आहे का, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर आहे का, वय ५० च्या वर आहे का, गळ्याचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर आहे का, आणि पुरुष आहात का. तीन किंवा जास्त 'हो' आले तर तपासणी करायचीच. बायकांच्यात अजून एक गोष्ट होते, त्या घोरण्यासाठी येतच नाहीत, सकाळी डोकं दुखतं, झोप लागत नाही, सारखं गळून गेल्यासारखं वाटतं म्हणून येतात आणि त्यांना वर्षानुवर्षं टेन्शन कमी घ्या सांगून घरी पाठवलं जातं. पाळी जायच्या वयात हा त्रास वाढतो हेही कोणी सांगत नाही.

थायरॉईड शेवटचं कधी तपासलं? ते कमी पडत असेल तर वजन वाढतं, घशाशी सूज येते, घोरणं वाढतं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्या, त्यासाठी कुठली मशीनबिशीन लागत नाही.

आता नाक. आरशासमोर उभं राहा, गालावर नाकाच्या बाजूला दोन बोटं ठेवून गाल बाहेरच्या बाजूला ओढा आणि श्वास घ्या. एकदम मोकळं वाटलं तर मेडिकलमध्ये नाकावर चिकटवायची पट्टी मिळते तिचा उपयोग होईल. नाही वाटलं तर पैसे वाया. धुळीसाठी उशीचे अभ्रे, चादरी आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, कापसाची दहा वर्षं जुनी उशी असेल तर ती आधी टाका, पंख्याची पाती पुसा. मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं पण पाणी उकळून गार केलेलंच पाहिजे, थेट नळाचं अजिबात नाही, त्यातला अमीबा नाकातनं मेंदूपर्यंत जाऊन माणसं दगावली आहेत. आणि ते नाक मोकळं करायचे थेंब मिळतात ते चार-पाच दिवसांच्या वर वापरायचे नाहीत, नंतर त्यांच्यानेच नाक चोंदायला लागतं.

तुपाबद्दल, रागावू नका @घरचं_तूप, पण झोपताना नाकात सोडलेलं तूप किंवा तेल झोपेत नकळत फुफ्फुसात उतरू शकतं आणि त्याचा वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया होतो. लहान बाळांच्या नाकात तर चुकूनही घालू नये. नस्य, म्हणजे नाकात औषध सोडणं, करायचंच असेल तर वैद्यांकडे बसून, बघून करा. तोंडाला पट्टी तर नाक चोंदलेल्या माणसाने मुळीच लावू नये, दोन्ही दारं बंद केल्यावर श्वास कुठनं घेणार.

घरचं_तूप

तीन पिढ्यात कोणाला काही झालं नाही. असो.

डोंबिवलीची_मास्तरीण

बापरे. गंमत म्हणून विचारलं आणि हे निघालं. टीएसएच करून दीड वर्ष झालं, गोळी तीच चालू. सकाळी डोकं जड असतं हे खरंय, मी ते सहा दहाच्या लोकलच्या खात्यावर टाकत होते. आणि उशी… लग्नातल्या गादी-उशांमधली आहे. हसू नका.

हळदीच्या दुधाचं कोणीच काही बोललं नाही पण?

रातपाळी

प्या की, घसा खवखवत असेल तर बरं वाटतं. घोरणं त्याने नाही थांबत. त्यापेक्षा जेवण साडेआठला आणा, पोट तुडुंब भरून आडवं झालं की आंबट वर येतं आणि घसा सुजलेला राहतो.

पथकातला_शंखवाला

इथे मला बोलायलाच पाहिजे. मी ढोलपथकात शंख वाजवतो, आणि माझं घोरणं गणपतीच्या आधीच्या सरावाच्या दिवसांत कमी होतं हे बायकोने पाच वर्षांपूर्वी सांगितलं होतं, मला वाटलं दमून झोपतो म्हणून असेल. मग २०२५ मध्ये बातमी वाचली की जयपूरच्या डॉक्टरांनी श्वास अडणाऱ्या ३० लोकांना दोन गटात घेतलं, एका गटाला सहा महिने शंख फुंकायला लावला आणि दुसऱ्याला नुसते दीर्घ श्वास, तर शंखवाल्यांची दिवसाची झोप कमी झाली आणि रात्री श्वास अडणं तासाला चार-पाचने उतरलं. ३० च माणसं म्हणजे फार नाही, पण दिशा कळते. त्याच्याही आधी स्वित्झर्लंडमध्ये २५ लोकांना ते ऑस्ट्रेलियातलं लांबलचक लाकडी वाद्य, डिजरीडू, चार महिने वाजवायला लावून असाच प्रयोग झाला होता, २००६ साली छापून आला आणि २०१७ मध्ये त्याला इग नोबेल पण मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन. कारण साधं आहे, घशाचे स्नायू घट्ट होतात, ढिले पडून फडफडत नाहीत.

आता डोंबिवलीत बिल्डिंगमध्ये रोज शंख फुंकलात तर सोसायटीची नोटीस येईल, त्यामुळे जिभेचे व्यायाम करा. ब्राझीलमध्ये साओ पावलोला नुसत्या घोरणाऱ्या आणि सौम्य ते मध्यम त्रासवाल्या लोकांवर करून बघितलेत, दिवसातनं तीनदा आठ आठ मिनिटं, तीन महिने. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला लावून मागे मागे सरकवायचं, वीसदा. मग अख्खी जीभ टाळूला चोखून धरायची. मग टोक खालच्या दातांना टेकवून जिभेचा मागचा भाग खाली दाबायचा. 'आ' करून पडजीभ वर उचलायची, हे आरशात बघूनच जमतं. आणि गालात आतनं बोट घालून गाल बाहेर ढकलायचा आणि गालाने बोट परत आत दाबायचं. महिनाभर काहीच वाटणार नाही, तिथेच सगळे सोडतात.

सातारी_तडका

हे मी लोकलमध्ये करून बघतो म्हणजे शेजारची सीट आपोआप रिकामी होईल.

पुण्याचा_तिरका

सगळं छान आहे पण वजनावर एकही माणूस बोलला नाही याची गंमत वाटली. ताईंनी पहिल्याच ओळीत ९ किलो वाढले सांगितलंय.

रातपाळी

बोलायचं राहिलं, मान्य. अमेरिकेत विस्कॉन्सिनला शेकडो लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २००० साली छापलेलं आहे की वजन १० टक्के उतरलं तर श्वास अडणं साधारण पावपट कमी होतं, आणि १० टक्के वाढलं तर जवळपास एक तृतीयांश वाढतं. ताईंचे १० टक्के म्हणजे सात किलो. पण मे महिन्याच्या आत सात किलो उतरवायच्या नादात उपाशी राहू नका.

डोंबिवलीची_मास्तरीण

महिन्याने आले, अपडेट द्यायला. टीएसएच वाढलेलंच निघालं, म्हणजे थायरॉईड कमी पडतंय, डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला. लेकीने मोजलं तर एकदा १४ सेकंद श्वास बंद होता, ती बिचारी रडायलाच लागली, मग घरीच करायची झोपेची तपासणी केली, बोटाला क्लिप, पोटाला पट्टा, नाकात नळी. तासाला ९ आले, म्हणजे सौम्य. आणि रिपोर्टमध्ये स्पष्ट दिसतंय की जवळजवळ सगळे उताणं असतानाचे. डॉक्टर म्हणाले तीन महिने कुशीवर झोपा, वजन उतरवा, मग पुन्हा बघू, मशीन आत्ता नको.

लग्नातली उशी गेली. टाकताना नवऱ्यालाच जास्त वाईट वाटलं. जेवण नऊवर आलंय, साडेआठ नाही जमत. लेकीची जुनी सॅक लावून झोपते, पहिल्या दिवशी नवरा म्हणाला कुठल्या गडावर निघालीस. तो आता आतच झोपतो पण, मॅच संपली बहुतेक. आवाज पूर्ण गेला नाहीये, स्कूटरची आता सायकल झालीये म्हणे. जिभेचे व्यायाम भांडी घासताना करते, तेव्हा कोणी बघत नाही.

आता एक शेवटचं. आम्ही नेत्रावती एक्स्प्रेसने जाणार आहोत, एक रात्र गाडीत. तिकडे सॅकचं काय करू, सगळ्याजणी विचारणार.

कट्ट्यावरचा_गण्या

ताई, गाडीत सगळेच सॅक छातीशी नाहीतर पाठीशी धरून झोपतात, चोरांच्या भीतीने. कोण विचारतंय.

सातारी_तडका

साईड लोअर घ्या. मधला जोड असा टोचतो की माझ्या टेनिस बॉलची गरजच नाही.