आंरी कोर्बँचा इराण खरा मानायचा का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

इराण आणि सूफी विचार वाचायला घेतला की कोणीतरी आंरी कोर्बँ या फ्रेंच तत्त्वज्ञ-अभ्यासकाचं (१९०३–१९७८) नाव सुचवतंच. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात त्याच्यापासून करू नये.

माणूस विलक्षण होता, त्यात वाद नाही. इस्लामचे फ्रेंच अभ्यासक लुई मासिन्यों यांनी पॅरिसमध्ये बाराव्या शतकातला इराणी तत्त्वज्ञ सुहरावर्दी याच्या 'हिकमत अल-इश्राक'ची (प्रकाशाचं तत्त्वज्ञान) शिळाछापाची प्रत त्याच्या हाती ठेवली आणि त्याच्या आयुष्याची वाटच ठरली. १९३९ मध्ये तो हस्तलिखितं पाहायला थोड्या दिवसांसाठी इस्तंबूलला गेला, युद्ध सुरू झालं आणि १९४५ पर्यंत तिथेच राहिला. पुढे तेहरानमध्ये इराणविद्येचा विभाग उभारला, ग्रंथमाला चालवली. १९५४ पासून पॅरिसमध्ये मासिन्योंच्या जागी शिकवलं.

पण १९४५चा त्याचा इस्तंबूलचा खंड उघडून पाहा. सुहरावर्दीच्या तीन अरबी ग्रंथांतले फक्त ईश्वरविद्येचे भाग त्यात आहेत. तर्कशास्त्र आणि भौतिकशास्त्र सगळं गाळलेलं. ॲरिस्टॉटलच्या व्याख्याविचारावर सुहरावर्दीने घेतलेले आक्षेप हा त्याच्या कामाचा कणा आहे. हुसैन झियाईंसारख्या अभ्यासकांना ही बाजू नंतर मुद्दाम पुढे आणावी लागली, कारण कोर्बँमुळे सुहरावर्दी म्हणजे प्रकाश आणि देवदूत एवढंच लोकांच्या मनात बसलं होतं.

शिया पंथाचंही तेच. कोर्बँकडे इमाम म्हणजे अंतरीचा वाटाड्या. फिक्ह (इस्लामी धर्मकायदा), काझी, मोहरमची मिरवणूक, बाजारातले व्यापारी आणि त्यांचे मुल्लांशी असलेले संबंध, यांतलं काहीही त्याच्या विचाराला हलवत नाही. तो ७ ऑक्टोबर १९७८ रोजी पॅरिसमध्ये वारला तेव्हा इराणचे रस्ते पेटलेले होते आणि चार महिन्यांत शाहची राजवट कोसळली. इराणी इस्लामवरचे त्याचे चार जाडजूड खंड वाचून या उलथापालथीची चाहूलही लागत नाही. मला हे फार मोठं अपयश वाटतं.

दख्खनी

पूर्ण असहमत. क्रांतीचं भाकीत करणं हे त्याचं काम नव्हतंच. आधी तो तत्त्वज्ञ होता. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर फ्रेंचमध्ये नेणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक (१९३८). त्याला राजकीय इतिहासकाराच्या मापाने मोजून नापास करणं अन्याय आहे.

त्याच्या आधी युरोपची पाठ्यपुस्तकं काय सांगत होती? धर्मपंडित गझालीने तत्त्वज्ञानावर घाव घातला, ११९८ मध्ये तत्त्वज्ञ इब्न रुश्द वारला आणि इस्लामी तत्त्वज्ञान संपलं. कोर्बँने दाखवून दिलं की त्यानंतर चारशे वर्षांनीही इस्फहानमध्ये मीर दामाद आणि मुल्ला सद्रा मूलभूत विचार मांडत होते, आणि ती परंपरा त्याच्या डोळ्यांदेखत जिवंत होती. शिया तत्त्वज्ञ अल्लामा तबातबाईंसोबत तो तेहरानमध्ये वर्षानुवर्षं चर्चेला बसला. जलालुद्दीन आश्तियानींबरोबर त्याने इराणी तत्त्वज्ञांच्या लेखनाचे संग्रह काढले. इराणी विद्वानांना माहितीचे स्रोत न मानता बरोबरीचे विचारवंत मानणारा त्या पिढीतला दुसरा कोण होता, सांगा.

खंडातून गाळलेल्या भागाबद्दल: आत अध्यात्म आणि गूढविचारच आहे हे त्या खंडाच्या नावातच लिहिलं होतं. कोणाला फसवलं नाही.

मिरजेची वाचक

नव्या वाचकांसाठी एक खुलासा करते. हा सुहरावर्दी म्हणजे सुहरावर्दी सिलसिल्यातले (सूफी परंपरेतले) शिहाबुद्दीन उमर नव्हेत. हा इश्राकी (प्रकाशवादी) तत्त्वज्ञ, ज्याला सलाहुद्दीनच्या हुकमाने ११९१च्या सुमारास सीरियातल्या हलबमध्ये (अलेप्पो) मारलं. चाळिशीही गाठली नव्हती.

मी दख्खनींच्या बाजूने. आपण प्राचीन पारशी ज्ञानी लोकांची विद्या पुन्हा उजेडात आणतो आहोत, असं सुहरावर्दी स्वतः लिहितो. ते कोर्बँने त्याच्या तोंडी घातलेलं नाही. तो धागा पुढे हिंदुस्थानातही आला. आजर कैवान हा जरथुश्त्री साधक अकबराच्या काळात शिष्यांसह इराण सोडून पाटण्याला आला आणि त्याच्या मंडळींनी इश्राकी विचार उचलून धरला. कोर्बँने याची गंभीरपणे दखल घेतली. आपल्याकडे मुंबईत एवढा मोठा पारशी समाज असून हा दुवा किती जणांना माहीत आहे?

कृष्णाकाठ

ताई, सुहरावर्दी तसं म्हणतो हे खरं. पण त्याच ओळींत तो प्लेटो आणि हर्मीसचीही नावं घेतो. जॉन वॉलब्रिज यांनी याच आधारावर त्याची मुळं ग्रीक विचारात दाखवली आहेत. जरथुश्त्रापासून शिया तत्त्वज्ञांपर्यंत अखंड इराणी आत्मा वाहतो, ही मांडणी मात्र कोर्बँची. आणि इब्न अरबी? अंदालुसियात (मुस्लिम स्पेनमध्ये) जन्मलेला सुन्नी सूफी. त्यालाही कोर्बँ शिया चष्म्यातूनच वाचतो.

उंबरठा

दोघांनाही एक आठवण करून देतो. जानेवारी १९८९ मध्ये खोमेनींनी गोर्बाचेव्हना पत्र पाठवलं. त्यात साम्यवाद आता संग्रहालयात जाणार असं सांगून सोव्हिएत अभ्यासकांना सुहरावर्दी, मुल्ला सद्रा आणि इब्न अरबी वाचायला सुचवलं. खोमेनींनी स्वतः कुम या इराणी धर्मनगरीत मुल्ला सद्रा शिकवला होता. म्हणजे कोर्बँने निवडलेली पुस्तकं अगदी बरोबर होती, क्रांतीचा नेता तीच वाचत होता. चूक पुढची आहे. ही विद्या सत्तेपासून अलिप्त असते असं त्याने गृहीत धरलं.

दख्खनी

उंबरठा, मुद्दा वजनदार आहे. पण याच पत्रावर कुममधल्या काही धर्मपंडितांनी कुराण सोडून तत्त्वज्ञ आणि सूफींची शिफारस केली म्हणून आक्षेप घेतला होता. म्हणजे कर्मठ फिक्ह आणि इरफान (गूढ आत्मज्ञान) यांच्यातला जो तणाव कोर्बँ आयुष्यभर दाखवत राहिला, तो क्रांतीनंतरही तसाच उभा होता.

कृष्णाकाठ

तणाव होता, मान्य. पण १९७४ मध्ये राणी फराहच्या आश्रयाने निघालेल्या तत्त्वज्ञान अकादमीत बसून त्या तणावाची एकच बाजू दिसते. ती संस्था आज वेगळ्या नावाने तेहरानमध्ये चालू आहे, चांगलंच आहे. माझा सल्ला बदलत नाही: नवख्याने आधी सुहरावर्दीच्या छोट्या फारसी कथा वाचाव्यात, 'अक़्ल-ए सुर्ख' वगैरे. भाष्यकार नंतर.

दख्खनी

जरूर वाचाव्यात. त्या फारसी कथांचा संपादित खंड सय्यद हुसैन नस्र यांनी १९७० मध्ये तेहरानला काढला, कोर्बँच्याच ग्रंथमालेत.