मदत हवी आहे: डिग्रॉम हॉल ऑफ फेममध्ये बसतो का?

मंडळी, बेसबॉल बघणारं कुणी आहे का इथे? हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत) कोण जाणार, यावरून मेहुण्याशी वाद पेटलाय. व्हर्लँडर, शर्झर या पिचरबद्दल (चेंडू फेकणाऱ्यांबद्दल) दुमत नाही, तीन-तीन साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) आहेत. निवृत्तीनंतरची 5 वर्षं सरली की जातीलच. घोडं अडलंय जेकब डिग्रॉमवर. 2018 मध्ये ईआरए (दर नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा, कमी तितकं चांगलं) 1.70, तरी पदरात विजय फक्त 10! त्याच्या तेव्हाच्या संघाच्या, मेट्सच्या बॅटिंगने पार वाट लावली. साय यंग दोन, पण दुखापतींमुळे 2025 अखेर शंभर विजयही नाहीत. मेहुणा म्हणतो, निवडीसाठी लागणारी पत्रकारांची 75 टक्के मतं विसरा. कमी विजय असूनही निवडल्या गेलेल्या पिचर कोफॅक्सचं नाव मी काढलं, तर म्हणे त्याचे 165 विजय होते. पिचरला विजयांवर तोलणं मला तरी पटत नाही. मग कोणते आकडे पुढे करू? आणि इतक्या कमी विजयांवर पत्रकारांनी आधी कुणा स्टार्टरला (सामना सुरू करणाऱ्या पिचरला) निवडलंय का?