सायन्स लॅबला कुलूप आहे, पालकांनी नक्की कुठे जाऊन बोलायचं?

डिचोलीची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे. शाळेचं नाव घेत नाही कारण तिला अजून दीड वर्ष तिथेच काढायचंय. परवा तिचं सायन्सचं जर्नल चाळत होते. लोखंडाचा कीस आणि गंधक एकत्र तापवलं की काळा पदार्थ तयार होतो आणि तो लोहचुंबकाला चिकटत नाही, निरीक्षण, निष्कर्ष, सगळं सुंदर अक्षरात आणि खाली लाल पेनाने सही. मी सहज विचारलं, तापवताना वास कसा येतो गं? तर म्हणाली काय माहीत, मी मैत्रिणीच्या ताईच्या जर्नलवरून उतरवलंय. लॅब आहे, टेबलं आहेत, नळसुद्धा आहेत, पण दाराला कुलूप. पिटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगला विषय काढला तर उत्तर आलं की स्मार्ट बोर्डवर व्हिडिओ दाखवतो ना, आणि बाकीचे पालक माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या चहाला उशीर करतेय.

आता मला यावर काहीतरी करायचंय, नुसती कुरकुर नको. ऑनलाइन दोन-तीन याचिकांवर सह्या केल्या, २०१७ साली ९ ऑगस्टला देशभर शास्त्रज्ञ रस्त्यावर उतरले होते त्याबद्दल वाचलं, त्यांच्या मागण्या होत्या जीडीपीच्या ३ टक्के विज्ञान-तंत्रज्ञानाला आणि १० टक्के शिक्षणाला. पटतं सगळं. पण गोव्यातल्या डिचोलीत बसून मी जीडीपी कोणाकडे मागू? कोणी असं काही केलंय का इथे? शिक्षकांच्या पोटावर पाय येईल असं काही करायचं नाही, हे आधीच सांगते.

मडगावचो_रिकामटेकडो

ताई, प्रॅक्टिकल सांगतो, चांगली ट्यूशन लावा आणि विसरा. आपल्याकडे केअर्स स्कीममध्ये मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवायचं चाललंय. रोबो येईल आणि लॅबचं कुलूप उघडेल तेव्हा उघडेल 😄 जोक अपार्ट, मोहिमा वगैरे करून गोव्यात काय होत नाही. फोटो येतो पेपरात, बस.

निवृत्त_मास्तर

बाय, मी ३१ वर्षं सायन्स शिकवलं, त्यातली बरीचशी सत्तरी तालुक्यात, तेव्हा कुलूप आतल्या बाजूने कसं दिसतं ते सांगतो. आमचा लॅब अटेंडंट रिटायर झाला आणि ती जागा मी रिटायर होईपर्यंत भरली नाही. म्हणजे काचेची नळी धुवायची कोणी तर मास्तराने, ॲसिड पातळ करायचं मास्तराने, चाळीस पोरांवर लक्ष ठेवायचं मास्तराने आणि पस्तीस मिनिटांत बेल. काही फुटलं तर डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत नोंद, मग खुलासा, मग हेडमास्तरांचं तोंड. एखाद्या पोराचा हात भाजला तर पालक दारात उभे. उलट लॅब बंद ठेवली तर कोणी एक शब्द विचारत नाही, कारण प्रॅक्टिकलचे मार्क शाळेच्याच हातात आणि ते सगळ्यांनाच भरपूर मिळतात. माणूस कुलूपच लावणार ना. मी पण लावलं काही वर्षं, खोटं कशाला सांगू.

एकदा ऊर्ध्वपातन शिकवायचं होतं आणि कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करायची नळी, फुटलेला. मार्च महिना, शाळेच्या मागेच काजूची भट्टी पेटलेली. नेलं वर्ग तिथे. जी पोर वर्गात कधी तोंड उघडत नव्हती तिच्या आजीचीच भट्टी होती, तिने सगळ्यांना समजावून सांगितलं की नळी पाण्याच्या पिंपातून का न्यायची, पाणी गरम झालं की का बदलायचं आणि पहिल्या खेपेला हुर्राक उतरतो तो परत उकळला की फेणी का होते. पुस्तकात पाऊण पान आहे, तिने अर्धा तास घेतला. दुसऱ्या दिवशी एका पालकाची तक्रार, मास्तर पोरांना दारूच्या भट्टीवर नेतो. ती तक्रार लेखी होती बरं का, आणि लॅब बंद आहे म्हणून लेखी तक्रार ३१ वर्षांत एकही आली नाही. तुमचा विषय इथे आहे. तोंडी बोललेलं पिटीएच्या चहाबरोबर संपतं, कागद दिला की त्याला आवक नंबर पडतो.

दोनापावला_पोस्टडॉक

सरांशी सहमत, पण दिल्लीचं काही मागायचंच नाही यावर थोडं भांडतो. मी समुद्राच्या पाण्यावर काम करतो, त्यामुळे दुसरं टोक रोज बघतो. संशोधनावर देशाचा एकूण खर्च २०२०-२१ च्या सरकारी आकड्यात जीडीपीच्या ०.६४ टक्के होता, साऊथ कोरियाचा चारच्या वर आहे. शिक्षणावर ६ टक्के खर्च करा असं कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात परत तोच ६ चा आकडा लिहिलाय. मधे चोपन्न वर्षं गेली. मास्तरांच्या अटेंडंटची जागा राज्याने भरायची हे खरं, पण पैशाची चणचण वरूनच सुरू होते आणि शेवटी झिरपत झिरपत तुमच्या मुलीच्या वर्गात पोचते.

आणि पुस्तकात काय असावं हे पण दिल्लीतच ठरतं. २०२३ ला एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली, धड्याचं नाव आनुवंशिकता आणि उत्क्रांती होतं ते नुसतं आनुवंशिकता राहिलं. आवर्त सारणीचा धडा पण गेला. देशभरातल्या १८०० च्या वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहिलं. सरकारी उत्तर असं की ते पुढे अकरावी-बारावीत आहेच. आहे, पण उत्क्रांती बारावी बायोलॉजीत आहे, कॉमर्सला गेलेल्या पोराच्या आयुष्यात डार्विन येणारच नाही.

मडगावचो_रिकामटेकडो

कॉमर्सवाल्याला डार्विन कशाला हवा भाऊ? मी बीकॉम, माझं काय अडलं?

वाळपईकर

अडतं ते असं. २०१५ ला सत्तरीत माकडताप आला तेव्हा माणसं गेली. गोचिडीतून पसरतो, १९५७ ला कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला म्हणून इंग्रजीत त्याचं नाव पण तेच. त्याचा मोसम आणि काजू गोळा करायचा मोसम एकच. आमच्याकडे लोक म्हणत होते देवाचा कोप, कोणी म्हणत होते माकडं मारा. अंगाला लावायचं तेल फुकट वाटलं तर घरात पडून, कारण चिकट लागतं आणि गोचिडीत एवढं काय असणार. हे सगळे बीकॉम, आयटीआय, दहावी पास लोक. त्यांना कोणी शाळेत मायक्रोस्कोपखाली एक गोचीड दाखवली असती तर बरं झालं असतं, जंगलात गेलात तर ही माहिती तुम्हाला पण लागेल 🙂

आता डिचोलीच्या आईसाठी कामाचं. विधानसभेचं अधिवेशन यायच्या आधी आमदाराकडे जा आणि एलएक्यू, म्हणजे विधानसभेत विचारायचा प्रश्न, टाकायला सांगा. भाषण देऊ नका, प्रश्न टाइप करूनच न्या, त्यांना तेच बरं पडतं. तालुक्यातल्या अनुदानित आणि सरकारी हायस्कुलांत लॅब अटेंडंटच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, रिकाम्या कधीपासून, शाळावार. पूर्ण तालुका विचारा, म्हणजे एका शाळेवर बोट जात नाही आणि तुमची मुलगी पण सेफ. तारांकित असेल तर मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं, उपप्रश्न येतात. अतारांकित असेल तरी लेखी उत्तर मिळतं. आमदार टाळाटाळ करतोय असं वाटलं तर तेच प्रश्न आरटीआयखाली पर्वरीला शिक्षण खात्यात टाका, १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. सोबत लॅबच्या नावावर शेवटची खरेदी कधी झाली ते विचाराच, गंमत असते त्यात.

डिचोलीची_आई

मास्तर, भट्टीची गोष्ट मुलीला वाचून दाखवली, म्हणाली आम्हाला पण न्या. वाळपईकर, तुमचे प्रश्न उतरवून घेतले. फक्त एक शंका, पुढच्या रविवारी ग्रामसभा आहे, तिथे हा विषय काढू का? नवरा म्हणतो तिथे दोन तास गटारावर जातात आणि मग कोरम उरत नाही.

निवृत्त_मास्तर

काढा, पण आधीच लेखी देऊन ठेवा, नाहीतर आयत्या वेळचे विषय म्हणून शेवटी ढकलतात. आणि घटनेतलं ५१ क वगैरे वाचून दाखवू नका. मी एकदा आमच्याकडे वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून वाचून दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढचा विषय कचऱ्याचा. तुम्ही जर्नल घेऊन जा. ती लाल सही दाखवा आणि विचारा की ही मुलगी लॅबमध्ये कधी गेली होती. सहीवरचं नाव तेवढं बोटाने झाका, तो मास्तर पण माझ्यासारखाच असणार.

दोनापावला_पोस्टडॉक

आणि तोपर्यंत मुलीला घेऊन मिरामारच्या सायन्स सेंटरला जाऊन या. हेडमास्तर एक पत्र द्यायला तयार असतील तर आमच्याकडून कोणीतरी शाळेत नक्की येईल, मी विचारतो. चिकणमाती, खाजनातलं (खाडीकाठच्या खाऱ्या शेतातलं) पाणी आणि एक साधा मायक्रोस्कोप आणतो, कुलूप उघडायची गरज नाही, व्हरांडा चालेल.

डिचोलीची_आई

व्हरांडा आहे. पत्राचं हेडमास्तरांना उद्या विचारते, लेखी.