लॅपटॉप जप्त झाला किंवा चोरीला गेला तर डेटा वाचतो का?

प्रश्न: बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाला कुलूप) चालू आहे, पण फॉरेन्सिकवाले (जप्त उपकरणं तपासणारे) रॅममधून, म्हणजे चालू कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीतून, त्या कुलपाची की काढतात म्हणे, आणि विंडोजमध्येच बॅकडोर (गुपचूप ठेवलेलं मागचं दार) असेल तर सगळंच मुसळ केरात. काय करू?

उत्तर १: बॅकडोरचं राहू दे, आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये रिकव्हरी की (कुलूप उघडायची राखीव किल्ली) पडलीय का बघ. ती तिथे असली की मागचं दार तूच उघडं ठेवलंयस.

उत्तर २: रॅमचं खरंय, 2008 मध्ये प्रिन्स्टनवाल्यांनी चिप गार करून की काढून दाखवलेली. नुसतं झाकण मिटून स्लीपवर टाकू नकोस, सरळ शटडाउन कर आणि बूटला, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना, पिन लाव.

प्रश्नकर्ता: माझं विंडोज होम आहे रे, त्यात पिनचं ऑप्शनच नाय 😐

उत्तर ३: मग व्हेराक्रिप्ट (डिस्क एन्क्रिप्ट करणारं वेगळं सॉफ्टवेअर) टाक, कोड खुला आहे, 2016 ला ऑडिटपण झालंय. पासवर्ड विसरलास तर ब्रह्मदेवही उघडून देणार नाही, बॅकअप घे आधी.