मदत हवी आहे: सोलापुरात १ बीएचके, पाहुणे येणार, सामान मावत नाही

शेंगाचटणी
नमस्कार मंडळी. विजापूर रोडला आमचा १ बीएचके आहे, घरात पाच माणसं. गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, बहीण, दाजी आणि त्यांची दोन पोरं येणार, म्हणजे नऊ. हॉलमध्ये झोपायची सोय करायची आहे आणि जमलं तर रंगही उरकायचा आहे. प्रश्न दोनच. पेटीचा दिवाण घ्यावा की सोफा-कम-बेड? आणि खोली मोठी वाटायला कोणता रंग द्यावा? "आधी पसारा कमी करा" हे कृपया सांगू नका, ते घरी रोज ऐकायला मिळतं. सुतार परवा मापं घ्यायला येतोय, तेव्हा जरा लवकर.

निळी_शाई
ताई, सोफा-कम-बेड अजिबात घेऊ नका. आमचा वर्षभरात अडकायला लागला. उघडायला दोन माणसं, बंद करायला तीन. शिवाय त्यावरच्या गाद्या-उशा दिवसा ठेवायच्या कुठे, हा प्रश्न राहतोच. दिवाण घ्या. पण हॉल केवढा आहे? मापं न देता सगळे असंच विचारतात.

दादरचा_जिना
दिवाण जागा खातो. आम्ही २२५ चौरस फुटांत सात जण राहिलोय, अनुभवाने सांगतो. गाद्या खाली घाला, सकाळी गुंडाळा, विषय संपला. आणि बाल्कनी असेल तर काच लावून बंद करून टाका, अख्खी खोली वाढते.

वास्तूमित्र
घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे? त्याशिवाय रंग सांगता येत नाही.

शेंगाचटणी
हॉल १० बाय १३. मी ताई नाही, दादा आहे. बाल्कनी आहे पण ती धरू नका, तिथे जागा नाही. दाराचं तोंड उत्तरेला आहे बहुतेक. मूळ प्रश्नावर या प्लीज.

दादरचा_जिना
बाल्कनीत जागा नाही म्हणजे काय? काय आहे तिथे?

शेंगाचटणी
बॅरल.

दादरचा_जिना
कसले बॅरल??

होटगीरोड
दादरकर, काय विचारायलाव राव. पाण्याचे! सोलापुरात घर म्हणजे आधी बॅरल, मग माणसं. आमच्याकडे नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतंय. हे वर्षानुवर्षं असंच चाललंय, त्यामुळं आमच्या माणसाला ते सांगायचं सुचतच नाही. तुम्ही विचारलं नसतं तर त्यानं सांगितलंही नसतं.

निळी_शाई
पण बिल्डिंगला टाकी असेल ना? मग घरात कशाला साठवायचं?

शेंगाचटणी
टाकी आहे. खालचा हौद लहान आहे. पाणी आलं की दोन दिवस नळ नीट चालतात, नंतर सकाळी अर्धा तास. प्यायचं पाणी वेगळं भरून ठेवावं लागतं. हे सगळ्यांना माहीत असतं असं मला वाटलं. दिवाणाचं कुणी सांगेल का?

कोपरा_न_कोपरा
बॅरल किती आहेत, केवढे आहेत, बाल्कनी केवढी आणि मजला कितवा? मी स्थापत्य अभियंता आहे, उगाच विचारत नाही.

शेंगाचटणी
चार आहेत, निळे, २०० लिटरवाले. बाल्कनी ८ फूट बाय साडेतीन. तिसरा मजला, सगळ्यात वरचा. बिल्डिंग जुनी आहे, वडिलांनी घेतलेला फ्लॅट. वॉशिंग मशीनही तिथेच आहे.

कोपरा_न_कोपरा
मग दिवाण राहू द्या, आधी हे वाचा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. चार बॅरलचे ८००, वर बॅरलचं आणि मशीनचं वजन, आणि कपडे वाळत घालणारं माणूस. तुमची बाल्कनी होते २८ चौरस फूट, म्हणजे २.६ चौरस मीटर. आयएस ८७५ या मानकात राहत्या घरातल्या खोलीला चौरस मीटरला साधारण २०० किलो आणि बाल्कनीला ३०० किलो भार धरतात. म्हणजे पूर्ण बाल्कनीचा हिशेब ७८० किलोचा. तुम्ही तो नुसत्या पाण्याने ओलांडलाय.

घाबरवत नाही. धरलेला भार म्हणजे तुटायची रेषा नव्हे, त्याच्यावर सुरक्षेचा वाव ठेवलेला असतो. पण जुन्या इमारतीत सळईला गंज किती चढलाय ते बाहेरून दिसत नाही. अधांतरी बाल्कनीची मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या अंगाला असते आणि फरशीवर सांडलेलं पाणी नेमकं तिथेच मुरतं. बाल्कनीच्या फरशीत, घराच्या भिंतीला लागून, आडवी चीर आहे का बघा. खालच्या मजल्यावरून स्लॅबच्या पोटाला तांबूस डाग दिसतात का तेही बघा. आणि बॅरल कठड्याकडे आहेत की भिंतीकडे?

शेंगाचटणी
दोन कठड्याला लागून, दोन भिंतीला. चीर नाही दिसत. खालच्यांना उद्या विचारतो.

वास्तूमित्र
पाणी ईशान्येला असणं उत्तम. दार उत्तरेला म्हणजे बाल्कनीही त्याच अंगाला असणार, ईशान्य कोपऱ्यात चारही बॅरल ठेवून बघा, घरात फरक जाणवेल.

कोपरा_न_कोपरा
तो कोपरा कठड्याचा असेल तर फरक खालच्या मजल्यावर जाणवेल. अहो, बाल्कनीच्या टोकाला ठेवलेलं वजन भिंतीजवळच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ताण देतं. अंतराने गुणायचं असतं ते. कठड्याजवळचे दोन आजच्या आज रिकामे करा.

वास्तूमित्र
शास्त्र तुमचंही आहे, आमचंही आहे. मी फक्त सल्ला दिला.

होटगीरोड
तुम्ही दोघं भांडा, तवर त्याचा सुतार येऊन जाईल.

कडकभाकरी
मी वेगळंच विचारते. बॅरल घासता कधी? आमच्या गल्लीत पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट झाले तेव्हा आशाताई घरोघर येऊन सांगून गेल्या. डेंग्यूचा डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या जरा वर, बॅरलच्या आतल्या भिंतीला चिकटवतो. पाणी आलं की आपण अर्ध्या बॅरलवर नुसतं वरून भरतो, मग ती अंडी भिजतात. कोरडी असतील तर महिनोन् महिने टिकतात, म्हणून नुसतं ओतून देऊन भागत नाही, काथ्याने कडा घासायला लागतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. पाणी यायच्या आदल्या दिवशी बॅरल तळाला गेलेला असतो, तेव्हाच घासून घ्यायचा. झाकणाच्या फटीला जुनं सुती धोतर ताणून बांधा.

पुण्यातला_सोलापूरकर
गड्डा म्हटलं की डोळ्यांपुढे ते सात नंदीध्वजच येतात. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, भोगीला अक्षता, संक्रांतीला होम. लहानपणी आम्ही होम मैदानावर पाळण्यात बसायला महिनाभर पैसे साठवायचो. मौत का कुवाँ अजून असतो का हो?

होटगीरोड
असतोय की. या यंदा. पण मुक्कामाला याच्याकडे जाऊ नका, नऊ झालेत.

शेंगाचटणी
अहो रंग!

ब्रश_आणि_बादली
रंगाचं मी सांगतो, माझा धंदाच आहे. भिंतींची अवस्था काय आहे? नुसता जुना रंग आहे की पोपडे निघतात?

शेंगाचटणी
बाकी ठीक आहेत. बाल्कनीलगतच्या भिंतीला खाली हातभर पोपडे आहेत. पेंटर म्हणाला दोन हात पुट्टी मारली की झाकून जाईल.

ब्रश_आणि_बादली
झाकून जाईल, आणि उन्हाळ्याच्या आत परत सुटेल. बोट फिरवा तिथे, पांढरं पिठासारखं लागतंय ना? लोणा आहे तो. बॅरल भरताना सांडलेलं पाणी भिंतीच्या बुडात मुरतं, भिंतीतला क्षार घेऊन बाहेर येतं, पाणी उडून जातं आणि क्षार रंगाला आतून ढकलतो. वरून काहीही फासा, तो ढकलणारच. आधी पाणी मुरायचं थांबवा, फरशी आणि भिंतीचा सांधा भरून घ्या, खराब गिलावा खरवडून काढा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच पुट्टी. संक्रांतीच्या आत ते वाळणार नाही. बाकीच्या तीन भिंती रंगवा, ती भिंत उन्हाळ्यात करा. सोलापूरचं ऊन फुकट आहे, वापरा ते.

रंग फिका मलईसारखा, छत पांढरं. पोरं आहेत म्हणजे डिस्टेंपर नको, हात लागला की खडूसारखा उतरतो. पुसता येणारं इमल्शन घ्या. एक भिंत गडद करा असं कुणी सांगेल, १० बाय १३ मध्ये ऐकू नका.

निळी_शाई
एक गडद भिंत छान दिसते हं. आमच्याकडे मोरपंखी केली आहे.

ब्रश_आणि_बादली
हॉल केवढा आहे तुमचा?

निळी_शाई
१२ बाय १८.

ब्रश_आणि_बादली
तेच म्हणतो मी.

कडकभाकरी
दादा, तुमच्या हॉलमध्ये सध्या नेमकं काय काय आहे ते सांगा बघू. भिंतीपासून सुरू करा.

शेंगाचटणी
टीव्ही, लाकडी कपाट, चपलांचं स्टँड, पोरांच्या दोन सायकली, इस्त्रीचं टेबल, जादा सिलिंडर, आणि लोखंडी ट्रंक. ट्रंकेत चादरी आहेत. आईचं माहेर यंत्रमागवालं, त्यामुळे प्रत्येक लग्नात, बारशात चादरी आल्यात. घडी न मोडलेल्याच पंधरा-वीस असतील. टॉवेल वेगळे.

होटगीरोड
हे पण सगळ्या सोलापुरात सेम. माझ्या लग्नातल्या चादरी पोरगी दहावीला गेली तरी कोऱ्याच आहेत.

पुण्यातला_सोलापूरकर
डांबराच्या गोळ्या टाकून ठेवा, वर्षानुवर्षं टिकतात.

कडकभाकरी
गोळ्यांचा वास जन्मात जात नाही आणि पोरं त्यावर झोपणार. नव्या चादरीत खळ असते, ती खायला कसर येते. एकदा धुऊन खळ काढायची, कडक उन्हात दोन्ही बाजू तापवायच्या, पूर्ण गार झाल्यावर घडी घालायची. गरम घडी घातली तर आत घाम धरतो. आणि दादा, माणसं नऊ आणि चादरी वीस, मग अडचण कसली? गादीवर अंथरायच्या त्याच, पांघरायच्या त्याच. जाताना बहिणीला दोन-चार द्या. आई नाही म्हणणार नाही, लेकीलाच द्यायच्यात.

शेंगाचटणी
हे आईला विचारून बघतो. बॅरलचं मात्र ती ऐकणार नाही. दुष्काळात टँकरच्या रांगेत उभी राहिलेली आहे, रिकामा बॅरल तिला बघवत नाही.

कोपरा_न_कोपरा
त्यांच्याशी वाद घालू नका, हिशेब दाखवा. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी ५ लिटर धरा. पाच माणसं, पाच दिवस, १२५ लिटर. एका बॅरलमध्ये भागून उरतं. दुसरा बॅरल वापरायच्या पाण्याचा. पाहुणे असताना नऊ जणांना २२५ लागेल, तेवढ्या दिवसांपुरता एक लहान पिंप बाथरूममध्ये भरून ठेवा. म्हणजे बाल्कनीत दोनच बॅरल, दोन्ही भिंतीकडच्या कोपऱ्यांत, विटांवर नाही तर लाकडी चौकटीवर, खालून फडकं फिरेल असे. भिंतीचा लोणाही निम्मा तिथेच थांबेल. कठड्याकडची जागा मोकळी झाली की चपलांचं स्टँड आणि सायकली बाहेर काढा, त्यांना वजन नाही. हॉलची एक भिंत सुटली. आता दिवाणाचं बोला.

दादरचा_जिना
बाथरूमच्या माळ्यावर टाकी बसवली तर? मुंबईत सगळे बसवतात.

कोपरा_न_कोपरा
माळा काँक्रीटचा आहे की कडप्प्याचा हे बघितल्याशिवाय कुणालाही सांगू नका हो हे. कडप्प्यावर २०० किलो ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत.

निळी_शाई
दिवाण ६ बाय ४ करा, ट्रंक बाद करून चादरी त्यात. वरची फळी एका तुकड्यात नको, दोन भागांत करून घ्या, नाहीतर आईंना उचलणार नाही. आणि सुताराने साधा प्लाय म्हटलं तर बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा, मागा, आयएसआय शिक्का बघून. खाली चार इंचांचे पाय ठेवायला सांगा. जमिनीला टेकलेल्या पेटीला वाळवी लागली तरी कळत नाही.

दादरचा_जिना
मी अजूनही म्हणतो, गाद्या खाली घाला.

शेंगाचटणी
दादा, खालीच घालणार आहे, नऊ जण दिवाणावर कसे मावतील. तर दिवाण ६ बाय ४, तीन भिंती मलई रंगाच्या, एक भिंत उन्हाळ्यात. खालच्या काकांनी सांगितलं की त्यांच्या छताला कठड्याच्या बाजूला तांबूस डाग आहे, गेल्या वर्षीपासूनचा. कठड्याकडचे दोन्ही बॅरल रात्रीच जिन्याला आणि झाडांना ओतले. आई दुपारपासून बोलत नाहीये.

कोपरा_न_कोपरा
डाग आहे म्हणजे सोसायटीला सांगा आणि प्रत्यक्ष येऊन बघणारा अभियंता बोलवा. ठोकून बघायला लागेल, फोटोवरून मी सांगणार नाही. तोवर तिथे पोरांना घोळक्याने उभं करू नका, पाहुण्यांच्या पोरांनाही.

वास्तूमित्र
ते झाड कुठल्या दिशेला आहे?

होटगीरोड
शेंगाचटणी, ते रिकामे दोन बॅरल काय करायलाव? मी जुळे सोलापुरातच आहे, टेम्पो आणतो. कितीला देणार?

शेंगाचटणी
एक ठेवतोय, आईसाठी, जिन्याखाली, रिकामाच. एक देतो. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.